मदत हवी आहे : पणजोबांच्या १८९७ च्या 'प्रथम वर्ष ट्रेन्ड' दाखल्याचा अर्थ कसा लावायचा?

नमस्कार मंडळी,

गावच्या घराचे वासे बदलायला घेतले तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली. तिच्यात माझ्या पणजोबांची नोकरीची कागदपत्रं निघाली. ती समजून घ्यायला जाणकारांची मदत हवी आहे. प्रश्न थोडा लांबण लावून विचारते, कारण मागचं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही.

आमचं घर सातारा जिल्ह्यातलं, कुणब्याचं. पणजोबा घरातले पहिले शिकलेले. आजी सांगायची, "मामंजी पुण्याला मास्तरकी शिकायला गेले, नापास झाले नि वर्षात परत आले." हे वाक्य आमच्याकडे तीन पिढ्या चालत आलंय. अभ्यासात कुणी मागे पडलं की त्याच्या तोंडावर फेकलं जायचं. मीही लहानपणी ऐकलंय. पुढे डी.एड. करून मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, पण हे खरं की खोटं असा विचार कधी मनात आला नाही. पेटी उघडल्यापासून मात्र तो सुटत नाही.

पेटीतलं सांगते. पहिला कागद मुलकी परीक्षा पास झाल्याचा. हीच परीक्षा पुढे व्हर्नाक्युलर फायनल म्हणून, आणि आमच्या वडिलांच्या तोंडी 'सातवी फायनल' म्हणून ओळखली गेली. तेव्हा मराठी शाळेत मास्तर व्हायचं तर निदान एवढा दाखला लागायचा, आणि तो मिळवणंही सोपं नव्हतं. धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरूडहून चालत साताऱ्याला या परीक्षेला गेले होते. सतरा वर्षं पुरी झालेली असूनही दिसायला लहान म्हणून त्यांना बसू दिलं नाही. महर्षींची ही गोष्ट आपण सगळे वाचलेली. त्याच परीक्षेचा कागद आपल्या घरात आहे हे पाहून मला भरून आलं.

दुसरा आहे जामीनकतबा. ट्रेनिंगला सरकारी खर्चाने राहायचं, तर नंतर खात्याची नोकरी करीन असं लिहून द्यायचं. खाली दोन जामीनदार. एकाची सही मोडीत आहे, दुसऱ्याच्या नावापुढे नांगराची निशाणी.

तिसरा म्हणजे मूळ दाखला, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचा. साल १८९७. घडीवर फाटलाय, पण 'प्रथम वर्ष' एवढं स्वच्छ वाचता येतं.

मला जेवढं माहीत आहे ते असं. १८५४ च्या वुडच्या खलित्यात शिक्षक तयार करण्यासाठी नॉर्मल स्कुलं काढा, शिकणाऱ्यांना विद्यावेतन द्या, असं आलं. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षणखातं उभं राहिलं आणि मग ट्रेनिंग कॉलेजं निघाली : मराठीसाठी पुणे, गुजरातीसाठी अहमदाबाद, कानडीसाठी धारवाड. पुण्याच्या कॉलेजवर कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखा माणूस प्रमुख होता. (त्याच्याही आधी, १८४५ च्या सुमाराला, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांकडे अध्यापकांचा वर्ग होता.) बायकांसाठीचं ट्रेनिंग कॉलेज पुण्यात १८७० चं.

पुरुषांच्या कॉलेजात तीन पायऱ्या होत्या. जेवढ्या वर्षांची परीक्षा उतरली तेवढ्या वर्षांचा 'ट्रेन्ड' हा शिक्का, आणि तो नोकरीभर नावापुढे. आमच्या भागातले म्हातारे मास्तर अजून 'ते थर्ड इयर ट्रेन्ड होते' असं आदराने बोलतात. पगार, मुख्य मास्तरची जागा, मोठ्या गावची शाळा, सगळं या शिक्क्यावर. म्हणजे प्रथम वर्षाचा दाखला हातात आहे, तर ती परीक्षा पणजोबा पासच झाले असणार. नापास माणसाला दाखला कोण देईल?

चौथी वस्तू पाहून तर मी दिवसभर तशीच बसून राहिले. सराव पाठांच्या टाचणाची वही. डाव्या पानावर पणजोबांचं टाचण, उजव्या पानावर पाठ पाहणाऱ्याचा शेरा. एका पानावर वस्तुपाठ, विषय कापूस. 'बोंड मुलांच्या हाती द्यावे, सरकी मुलांकडूनच काढवावी,' असं त्यांनी लिहिलंय. समोर तांबड्या शाईत : 'फळ्यावरील अक्षर वळणदार. मागील रांगेतील मुलांस प्रश्न गेले नाहीत.' हाच शेरा मला माझ्या सराव पाठावर मिळाला होता, जवळजवळ याच शब्दांत. वहीत असे सतरा पाठ आहेत. अठराव्याचं नुसतं शीर्षक आहे, खाली पान कोरं.

आता माझी शंका. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग भडकला होता. माणसं शहर सोडून पळत होती, घरं तपासली जात होती, जूनमध्ये प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. त्याच सुमारास दख्खनमध्ये दुष्काळही होता. पणजोबा प्लेगमुळे किंवा घरच्या ओढीने दुसऱ्या वर्षाला थांबले नसतील का? आणि गावात 'मधेच परत आला' याचं 'नापास होऊन आला' झालं असेल का?

पगाराचंही सांगते, त्यातून कुणाला काही उलगडलं तर. सर्व्हिस बुकात सुरुवातीला 'उमेदवार' आणि मग दुय्यम मास्तर, ७ रुपये. पुण्याहून आल्यावर ९ रुपये. १२ रुपये व्हायला १९०८ साल उजाडलं. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं, त्यात लहान गावातल्या मास्तरालाही १२ रुपयांच्या खाली पगार नको असं म्हटलंय. मास्तर शेतकरी वर्गातले असावेत, नांगराचा रुमणा धरायला न लाजणारे असावेत, हेही त्याच निवेदनात. माझे पणजोबा तसेच होते. शाळा सुटली की औतावर जायचे. फुल्यांनी किमान म्हणून मागितलेला आकडा त्यांना सव्वीस वर्षांनी मिळाला. हे वाचताना वाईट वाटलं, लपवत नाही.

तर माझे प्रश्न. १८९६-९७ च्या प्लेगात पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे वर्ग बंद ठेवले होते का, की दुसरीकडे हलवले? त्या साली पुढच्या वर्षाला न थांबता गेलेल्या उमेदवारांना वेगळी काही सवलत होती का? सर्व्हिस बुकात १९०८ च्या नोंदीपुढे 'दु. व. बाहेरून' असं बारीक अक्षरात आहे. कॉलेजात न राहता, नोकरी करता करता दुसऱ्या वर्षाची परीक्षा देता येत असे, असा याचा अर्थ घ्यावा का? तसं असेल तर गड्याने तीस वर्षांचा झाल्यावर, चार पोरं पदरी असताना, पुन्हा अभ्यास केला, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नाही.

कुणाच्या घरी त्याच काळातल्या मास्तरांचे दाखले असतील तर प्रथम, द्वितीय, तृतीय वर्षाच्या दाखल्यांचा मजकूर कृपया इथे लिहा. ताडून पाहता येईल.

भर, चार दिवसांनी :

सगळ्यांचे मनापासून आभार. दोघांनी सुचवलं की शिक्षणखात्याचे वार्षिक अहवाल पाहा, मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात विचारा. पुढच्या महिन्यात जाते आहे. आणखी एका सदस्यांनी विचारलं, शाळेचं शेरेबुक, म्हणजे तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे लिहायची वही, पाहिलंत का? हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. काल गावच्या शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाईंनी कपाटाच्या तळातून १९०४ पासूनचं शेरेबुक काढून दिलं. दिपोटीसाहेबांच्या (शाळा तपासणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरांच्या) भेटीच्या नोंदी आहेत, पण निम्म्या मोडीत. १९०८ च्या पानावर पणजोबांचं नाव मला लागलं, पुढच्या दोन ओळी लागत नाहीत. फोटो खाली जोडते आहे. मोडी येणाऱ्या कुणी तेवढ्या दोन ओळी वाचून द्याल का? तिसरा शब्द 'परीक्षा' असावा असं वाटतंय.