मुंबईत लग्नाला आलेले पाहुणे: तुमचे अनुभव

शिवाजीपार्ककर
मंगळवारी भाचीचं लग्न, हॉल दादरलाच. अकोल्याचे बावीस जण सोमवारी सकाळी विदर्भ एक्स्प्रेसने उतरतायत. त्यात एक काका. १९९४ साली आत्याच्या लग्नाला आले होते. मी बारा वर्षांचा, गेटवे दाखवायचं काम माझ्या गळ्यात. परतताना सगळे दादरला उतरले, काका मात्र "आधी बायका उतरू द्या" म्हणत दारात. गाडी सुटली. तासाभराने कुर्ल्याहून परत आले, हातात डझनभर केळी. काल फोनवर म्हणाले, "या टायमाले मी पयले उतरतो."
सोमवारचा अख्खा दिवस आहे. कुठे नेऊ, काय खिलवू? तुमचेही किस्से येऊ द्या.

चकली
सोमवार ना? एलिफंटा बंद असतं!! आम्ही तेरा जणांना गेटवेला नेल्यावर कळलं. सासूबाईंची बहीण अजून विचारते, "लेणी म्हणजे बोटींकडे बघत शेंगदाणे खायचे, होय ना?" आणि चालू असलं तरी १२० पायऱ्या आहेत, गुडघे मोजून न्या.

आळशी_बोका
दादरचं प्रकाश हॉटेल. साबुदाणा वडा, पियुष. विषय संपला.

चकली
@बोका बावीस जण? रांगेतच मुहूर्त टळेल.

नागपूरची_लेक
माझ्या लग्नात आमच्या मामांनी पहिल्याच घासाला आचाऱ्याला गाठलं, "काहून हो, वरन बी गोड अन् बासुंदी बी गोड?" आमटीत गूळ होता. पंगत तिथेच थांबली, हसून हसून. तेव्हापासून तिकडचे कोणी आले की मी आधी ठेचा कुटते. मुंबईचं त्यांना आवडलं ते एकच, कीर्ती कॉलेजजवळचा वडापाव, चुऱ्यासकट. मामांनी नुसता चुराच मागितला, कागदाची पुडी नागपूरपर्यंत गेली. तेलाने शर्टाचा खिसा कायमचा पिवळा.
कुकर झाला, येते.

रिटायर्ड_माणूस
सीएसएमटीहून ११५ नंबरची दुमजली एसी बस धरा. वरच्या मजल्यावरची पुढची सीट पोरांच्या आधी म्हातारे पटकावतात. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला उतरलं की समोर समुद्र. अंधार पडल्यावर परत या, स्टेशनवरचे दिवे बघायला पैसे पडत नाहीत.

बंड्या२
राणीबाग, पेंग्विन. बुधवारी बंद, सोमवारी चालू. पेंग्विन एसीत, आपण घामात.

चकली
सिद्धिविनायक पण सोमवारीच उरका. मंगळवारी गर्दीत वर सापडायचा नाही.

मोगरा
अवांतर: दादरला चार दिवसांत ब्लाउज शिवून देणारं कोणी? माझा टेलर गावी गेलाय.

नागपूरची_लेक
@मोगरा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

शिवाजीपार्ककर
काकांना धागा वाचून दाखवला. बस पसंत आहे. फक्त विचारतायत, तिला दारं किती?

मोगरा
@लेक धन्यवाद गं, पण तो फॉल-पिकोवाला निघाला :(