चर्चा: कंपनीच्या खोक्यातला ऑइल फिल्टर, पैसे वसूल की नुसता शिक्का?

सातपूरकर:
गाड्यांच्या कंपन्या ऑइल फिल्टर सहसा स्वतः बनवत नाहीत. माहले, मान, बॉश, डेन्सो अशा सुटे भाग बनवणाऱ्यांकडून घ्यायचा, आपल्या खोक्यात घालायचा आणि चढ्या भावाने विकायचा. मग नाशिकच्या मुंबई नाक्यावर बनवणाऱ्याच्याच खोक्यातला मिळत असताना शिक्क्याचे पैसे का मोजायचे? वॉरंटी जाते ही तर काउंटरवरची भीती. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या अडवणुकीबद्दल १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका असंही बजावलं.

अंबड_स्पॅनर:
दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं, ते असो. सरसकट रद्द करता येत नाही हे खरं, पण बाहेरच्या फिल्टरमुळेच इंजिन गेलं असं निघालं तर तो क्लेम कंपनी नाकारणारच.

मुख्य मुद्दा वेगळा आहे. बनवणारा एक म्हणजे माल एक, असं नसतं. कागद कोणता, घड्या किती, बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर चोंदला की ऑइलला वळसा देणारी झडप) किती दाबाला उघडायचा हे कंपनीच्या ड्रॉइंगप्रमाणे ठरतं. बाजारातला तोच ब्रँड कधी तंतोतंत तोच असतो, तर कधी 'दहा गाड्यांना चालतो' छापाचा. मारुती, ह्युंदाई, होंडाच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांना एम२० बाय १.५ चे (२० मिमी व्यास, दीड मिमी अंतर) आटे आहेत, त्यामुळे काहीही पिळलं तरी बसतं. बसलं म्हणजे जमलं नव्हे.

बायपास साधारण १ बारच्या फरकाला उघडतो. स्प्रिंग ढिली असेल तर रेस वाढली की न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगकडे जातं. फार कडक असेल तर चोंदलेला कागद फाटतो. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतो, तिथे फिल्टरचं गणितच निराळं.

आणि तोंडाशी असलेली रबराची चकती, म्हणजे अँटी-ड्रेन व्हॉल्व्ह. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर ती हवीच. स्वस्त नायट्राइल रबर उष्णतेने कडक होतं, रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं आणि सकाळी स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड. निफाडकडच्या थंडीत तर स्पष्ट ऐकू येते. सिलिकॉन जास्त टिकतं.

गोदाकाठ:
दोघंही सगळ्या गाड्या एका मापाने मोजताय. छोट्या मारुतीचा कंपनीचा फिल्टर शे-दीडशेच्या घरात येतो. तीन-साडेतीन लिटर ऑइलच्या बिलापुढे ती रक्कम किती? तिथे पन्नास रुपये वाचवायला जाऊच नये. जर्मन गाडीचा हिशेब उलटा. खोक्यावरच्या चिन्हाचेच भरपूर पैसे जातात, तिथे पार्ट नंबर जुळवून मान किंवा माहलेचा घेणं शहाणपणाचं.

शिवाय सर्वात जास्त नक्कल होते ती खपणाऱ्या शिक्क्याचीच. होलोग्रामवर फार विसंबू नका. भोकांतून आत बघा: घड्या सारख्या अंतरावर हव्यात, रबर चकती बोटाने दाबली की परत यायला हवी, आट्यांत लोखंडाचा कीस नको. दुकानदार पक्कं बिल देत नसेल तर पुढचं दुकान.

पाथर्डीफाटा:
आपल्याकडच्या धुळीत फिल्टर कुणाचाही घ्या, दर ५,००० किलोमीटरला बदला. विषय संपला.

अंबड_स्पॅनर:
धूळ अडवायचं काम एअर फिल्टरचं आहे भाऊ. तो ज्यात बसतो त्या डब्याची क्लिप नीट बसली नसेल तर ऑइल फिल्टर काय करणार? डिझेलची काजळी तर मायक्रॉनपेक्षा बारीक, ती कागदातून आरपार जाते. म्हणून नुसता फिल्टर नव्हे, ऑइलही वेळेवर बदलायचं.

आणि निम्मी गळती फिल्टरमुळे नाही, बसवण्यामुळे होते. जुन्या फिल्टरचा गॅस्केट (तोंडावरची रबरी कडी) ब्लॉकला चिकटून राहतो, त्यावर नवा चढवला की डबल गॅस्केट. गाडी रस्त्यावर गेली की ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर. बसायची जागा कपड्याने पुसा, नव्या गॅस्केटला ताज्या ऑइलचं बोट फिरवा, गॅस्केट टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. चेन पाना फक्त काढताना. ऑइल सोडायच्या चेंबर नटचा वायसर नवा टाका.

गोदाकाठ:
स्विफ्ट डिझेलच्या १.३ मल्टिजेट इंजिनाला फिल्टरची पत्र्याची डबी नसते, नुसता कागदी एलिमेंट असतो. त्यात ओरिंग (झाकणाची रबरी कडी) जुनीच ठेवली किंवा झाकण जास्त पिळलं की गळती ठरलेली. स्वस्त एलिमेंटसोबत ओरिंग येतेय का, तेवढं विचारा.

सातपूरकर:
हे सगळं मान्य, पण खोक्यावर लिहिलेलं कुठे असतं? गाळण्याची क्षमता मोजायची आयएसओ ४५४८-१२ ही चाचणी आहे. इथल्या किती खोक्यांवर तिचा आकडा दिसतो? कंपनीवालाही छापत नाही आणि बाजारवालाही. आकडा नसेल तर 'ड्रॉइंगप्रमाणे' यावर गिऱ्हाइकाने विश्वासच ठेवायचा ना?

अंबड_स्पॅनर:
विश्वास कशाला, काढलेला फिल्टर कापून बघा. हॅक्सॉने नको, त्याचा कीस आत पडून फसगत होते. पाइप कटरसारखा फिल्टर कटर मिळतो. कागदाचा तुकडा व्हाइसमध्ये दाबून ऑइल पिळून काढा आणि उन्हात धरा. घड्या एकमेकींना चिकटल्यात, टोकाचा गोंद सुटलाय किंवा कागद आत दबलाय असं दिसलं तर तो ब्रँड पुन्हा घेऊ नका, शिक्का कुणाचाही असो. धातूची चमक दिसली तर मात्र फिल्टर नव्हे, इंजिन तपासून घ्या.