लिनोकट: हाताने रंगवताना काळी शाई का फाकते? (आणि आजीला मांजराचं डोकं लावावं का?)

परळची_लिनोवाली

नमस्कार मंडळी. मी ऑफिसात हिशेब लिहिते, रविवारी लिनो कोरते, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, त्यावर शाई फिरवून ते कागदावर छापते. चाळीतल्या खोलीत छापायचा प्रेस कुठून येणार, त्यामुळे लिनोवर कागद पालथा घालून पळीच्या पाठीने घासते.

मध्यंतरी रोना ग्रीन या ऑस्ट्रेलियन बाईंची मुद्राचित्रं पाहिली आणि झोप उडाली. बाई १९७२ च्या, जन्म जिलाँगचा. बेंडिगोला मुद्राचित्रण शिकल्या, पुढे मोनाश विद्यापीठातून मास्टर्स. त्यांच्या चित्रात धड माणसाचं, डोकं मांजराचं, कुत्र्याचं नाहीतर सशाचं, आणि अंगावर गोंदण. पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे सगळे सरळ तुमच्याकडे बघतात. हसू येतं, पण त्यांना हसायची हिंमत होत नाही. काळ्या शाईत लिनो छापायचा आणि मग प्रत्येक प्रत हाताने रंगवायची, अशी त्यांची पद्धत.

मला लगेच माझी आजी आठवली. कपाळावर तीन ठिपके, मनगटावर तुळशीवृंदावन, कोपराच्या आत आजोबांचं नाव. तोंडाने ते नाव तिने जन्मात घेतलं नाही, हातावर मात्र सगळ्या गावाला वाचता येईल असं. तिला खांद्यापर्यंत कोरली आणि वर मांजराचं डोकं बसवलं. आई म्हणाली, "माझ्या आईचं मांजर केलंस?" आणि दोन दिवस अबोला.

अडचणी दोन. वॉटरकलरचा ब्रश लागला की काळी रेघ फाकते आणि आजी कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसते. दुसरं, आजोबांचं नाव उलटं छापलं गेलं. (हसा. मीही हसले, आठ प्रती वाया गेल्यावर.)

जुना_जेजेवाला

ताई, शाई पाण्यातली वापरलीत ना? ती वाळली तरी ओल्या ब्रशने पुन्हा सुटते. वर पाण्याचा रंग लावायचा असेल तर खालची शाई तेलाचीच हवी. पण पावसाळ्यात तेलाची शाई वाळता वाळत नाही. बोटाला लागत नाही म्हणून वाळली असं समजू नका, कापूस हलका फिरवून बघा. कापूस काळा झाला तर प्रत परत दोरीवर. माझ्याकडे जुलैत पंधरा-पंधरा दिवस लागलेत. शाईचा थर पातळ ठेवा. रोलर फिरताना चरचर असा बारीक आवाज आला पाहिजे, पचपच नको. रोलर गोडेतेलाने पुसा आणि मग साबण, घरात टर्पेंटाइनचा वास कशाला.

नावाचं सोपं आहे. ट्रेसिंग पेपरवर सुलटं लिहा, कागद पालथा करून लिनोवर उतरवा. आम्ही कॉलेजात सह्यासुद्धा उलट्या छापल्यात, मनाला लावून घेऊ नका. आणि लिनो कडक लागला तर दहा मिनिटं उन्हात ठेवा. ऊन असलं तर.

अंधेरी_लोकल

विषयाला सोडून विचारतो, यासाठी ऑस्ट्रेलिया कशाला? चित्रकार चित्तप्रसादांनी इथे अंधेरीत राहून लिनो कोरले. कामकरी पोरं, भूक, नुसत्या काळ्या-पांढऱ्यात. त्यांच्यापुढे हे मांजराचं डोकं म्हणजे गंमतजंमत वाटते.

परळची_लिनोवाली

चित्तप्रसाद पाहिलेत, वाकून नमस्कार. पण त्यांच्या चित्रातल्या पोरांकडे बघून मला वाईट वाटतं, आणि आजीबद्दल मला वाईट वाटायला नकोय. ती दरारा असलेली बाई होती. ग्रीनबाईंच्या माणसांत तो दरारा आहे. अंगावर काय गोंदलंय ते वाचत जावं तशी त्या माणसाची कुंडली कळत जाते, आणि डोकं जनावराचं असल्यामुळे तोंडावरून अंदाज बांधायची सोय नाही. जेजेवाले काका, शाई पाण्यातलीच होती. उद्याच तेलाची आणायला धोबीतलावला जाते.

मोखाड्याचा_पाहुणा

आमच्याकडे बोहाड्यात, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवायच्या उत्सवात, मुखवटे चढतात तेव्हा आत कोण आहे ते पोरंसोरंही ओळखतात. पाय कसा टाकतो, खांदा कुठे पडतो, त्यावरून. म्हणून वाटतं, तुम्ही डोकं आधी ठरवलंत तिथे चुकलं. आधी आजीचे हात कोरा, बसायची ढब कोरा. ती बरोबर आली तर डोकं कुठलं ते आपोआप सुचेल. आणि मांजर तिला आवडायचं तरी का?

परळची_लिनोवाली

अजिबात नाही! दुधावरून कायमचं वैर होतं.

बऱ्याच आठवड्यांनी लिहितेय. तेलाची शाई आणली. प्रती दोरीला चिमट्याने लावल्या, शेजारी बाबांचे बनियन. बारा दिवस वाळवल्या, आता रेघ जागची हलत नाही. नाव सुलटं आलं. हात आधी कोरले: डावा गुडघ्यावर, उजवा पदराच्या टोकाशी, काहीतरी गाठीला बांधून ठेवल्यासारखा. मग तीन रविवार डोक्याची जागा कोरीच राहिली.

शेवटी कावळा केला. ती जेवायच्या आधी रोज खिडकीत घास ठेवायची, आणि गेल्यावर दहाव्याला तिने आम्हाला दीड तास ताटकळत ठेवलं होतं. काळ्यावर ठिपके दिसेनात, म्हणून कपाळाचे तीन ठिपके कोरून पांढरे सोडले आणि त्यात हिरवा भरला.

आईला दाखवायची भीती वाटत होती. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "चोच जरा आखूड कर. आईचं नाक एवढं लांब नव्हतं."