बँकॉक, चौघं आणि बेताचं बजेट: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मित्र जानेवारीत बँकॉकला निघालोय. पाठीवर सॅक, टूर कंपनी नाही.

मुख्य घोळ राहण्याचा आहे. खाओ सान रोडला डॉर्म स्वस्त मिळतात, ग्रँड पॅलेसला चालत जाता येतं. पण जवळ ना मेट्रो ना स्कायट्रेन, शिवाय रात्रभर दणदणाट. फया थाईला राहिलो तर सुवर्णभूमी विमानतळावरून रेल्वे थेट तिथे येते, स्कायट्रेनही तिथलीच. फक्त जुनं शहर लांब पडतं. सेन सेप कालव्यातली बोट जुन्या शहराच्या दिशेने जाते. पण व्हिडिओत बघितलं तर ती धक्क्याला टेकते न टेकते तोच सुटते! मोठी सॅक घेऊन चढणं जमतं का?

दुसरं, आमच्यातला एक जैन आहे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' (थाई पद्धतीचं शाकाहारी) लिहिलेल्या खाण्याच्या गाड्यांवर मांस, फिश सॉस, कांदा-लसूण नसतो, एवढं कळलंय. बटाटा-मुळ्याचं काय? की सरळ पाहुरातच्या भारतीय खानावळी गाठायच्या? बाकी आम्ही तिघं काहीही हाणू.

ग्रँड पॅलेसचं तिकीट 500 बात, वाट फो या बौद्ध मंदिराचं 300. दोन्ही केली तर माणशी 800 तिथेच गेले. एकच करायचं तर कुठलं? माझा कल वाट फोकडे आहे, पण बाकीचे ऐकत नाहीत.

जाऊन आलेल्यांनी सांगा, हॉस्टेलचं बुकिंग या आठवड्यात करायचंय.