ल्युपस आणि हृदय : ‘इको नॉर्मल’ आल्यावर पुढे काय बघता?

इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला की ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) रुग्णाच्या हृदयाचा विषय बहुतेक तिथेच संपतो. सुरुवातीचा आजार कशात दिसतो आणि कशामुळे निसटतो, ते रोज तपासणाऱ्यांनी नेमकं लिहावं.

इको विभाग
इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते) ६० टक्के असूनही स्नायू थकलेला असू शकतो, म्हणून स्ट्रेन (स्नायू किती टक्के आखडतो ते) काढाच. तिन्ही एपिकल व्ह्यू (हृदयाच्या टोकाकडून घेतलेली दृश्यं), सेकंदाला ५० ते ८० फ्रेम, श्वास रोखून. स्ट्रेन उणे २० टक्क्यांच्या आसपास ठीक. उणे १५ आलं तर पुढे तपासा. त्याच वेळचं बीपी रिपोर्टवर लिहा. बीपी चढलेलं असेल तर स्ट्रेन उगाच कमी दिसतो, आणि किडनीला ल्युपस असलेल्यांचं बीपी बरेचदा चढलेलंच असतं. फेरतपासणी त्याच कंपनीच्या मशीनवर करा, नाहीतर तुलना फसते.

कार्डियाक एमआरआय
टी१ आणि टी२ मॅपिंग म्हणजे स्नायूच्या एमआरआय-गुणधर्मांचे आकड्यांतले नकाशे. चालू सूज टी२ मॅपिंगमध्ये कळते. व्रण बघायला गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट) देऊन १०-१५ मिनिटांनी प्रतिमा घ्यायच्या. टी१चे आकडे १.५ आणि ३ टेस्लाच्या (चुंबकाच्या ताकदीच्या) मशीनचे जुळत नाहीत. प्रत्येक विभागाने आपली नॉर्मल मर्यादा निरोगी माणसांवरून ठरवावी. ईसीव्हीसाठी (स्नायूत पेशींबाहेरची जागा किती, त्या मापासाठी) हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) त्याच दिवशीचं हवं. ल्युपसमध्ये हे प्रमाण झपाट्याने उतरू शकतं, मग जुन्या आकड्याने ईसीव्ही कमी निघतो आणि फायब्रोसिस (स्नायूत पसरलेला व्रण) झाकला जातो. ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) ३०च्या खाली असेल तर किडनीच्या डॉक्टरांशी बोलून, मॅक्रोसायक्लिक (जास्त स्थिर रचनेचं) गॅडोलिनियमच. तेही नको असेल तर विनाकॉन्ट्रास्ट मॅपिंगही पुष्कळ सांगतं.

अॅडिनोसिन (रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध) देऊन परफ्युजन (स्नायूच्या रक्तपुरवठ्याची तपासणी) करायचं असेल तर आधीचे २४ तास चहा-कॉफी पूर्ण बंद. सकाळचा अर्धा कपही सांगायला लावा. कॅफीनमुळे औषधाचा परिणाम दबतो आणि रक्तपुरवठ्यातली खरी उणीव दिसत नाही. दम्याची माहिती आधीच विचारा.

संधिवाततज्ज्ञ
कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या रक्तवाहिन्यांतल्या कॅल्शियमचं सीटी स्कॅनवरचं माप) शून्य म्हणून निश्चिंत होऊ नका. तरुण स्त्रियांमधला प्लाक (रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा चरबीचा थर) बरेचदा मऊ असतो, त्यात कॅल्शियम साठलेलं नसतं. पिट्सबर्गच्या १९९७ च्या अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या सुमारे ५० पट निघालं होतं! गळ्यातल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी स्वस्त आहे, किरणोत्सर्गही नाही. भिंतीची जाडी १.५ मिमीच्या वर गेली तर तो प्लाक समजा.

इको विभाग
एक राहिलं. अँटिफॉस्फोलिपिड (रक्ताच्या गुठळ्या वाढवणाऱ्या अँटिबॉडी) पॉझिटिव्ह रुग्णाला स्ट्रोक झाला असेल तर छातीवरून केलेल्या इकोवर थांबू नका. लिबमन-सॅक्सच्या (ल्युपसमध्ये झडपांवर येणाऱ्या, जंतुसंसर्ग नसलेल्या) छोट्या गाठी बहुतेक मायट्रल झडपेवर (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या) असतात, त्या अन्ननलिकेतून केलेल्या इकोत जास्त चांगल्या दिसतात.