आतल्या कवचातलं ‘ट्रान्झिशन’: उडी, संक्रमण की स्थित्यंतर?

प्रश्न:
दादरला बी.एस्सी.च्या मुलांना क्ष-किरणांबद्दल मराठीतून शिकवायचं आहे. अणूच्या के कवचातला इलेक्ट्रॉन निघून गेला की एल कवचातला त्याच्या जागी येतो आणि क्ष-किरण बाहेर पडतो. या ‘ट्रान्झिशन’ला काय म्हणावं? ‘संक्रमण’ म्हटलं की मुलांना आजार आठवतो. ‘उडी’ चालेल? आणि ‘कॅरेक्टरिस्टिक’ क्ष-किरणांना ‘लाक्षणिक’ म्हणू का?

प्रतिसाद:
ताई, ‘लाक्षणिक’ नको. लाक्षणिक उपोषणामुळे त्याला ‘नावापुरतं’ असा अर्थ चिकटला आहे. इथे तर किरणावरून मूलद्रव्य ओळखता येतं. लोखंडाची के-अल्फा रेषा (एल मधून के कवचात येताना निघणारा क्ष-किरण) ६.४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला, तांब्याची ८.०५ला. याच क्रमावरून भौतिकशास्त्रज्ञ मोझलीने १९१३ साली अणुक्रमांकाला प्रयोगाचा आधार दिला. झवेरी बाजारात टंच बघायचं क्ष-किरण यंत्रही हेच वाचतं: सोन्याची एल-अल्फा (एम मधून एल मध्ये) ९.७१, चांदीची के-अल्फा २२.१६. म्हणून ‘अभिलक्षणिक’. जड आहे, पण चुकीचा अर्थ देत नाही.

प्रतिसाद:
‘उडी’ला माझा विरोध आहे. उडी कुठूनही मारता येते. इथे निवड-नियम, म्हणजे कुठून कुठे जाता येतं ते ठरवणारा नियम, आडवा येतो. के-अल्फा रेषा २पी मधून (एल कवचाचा एक उपकवच) १एस मध्ये (के कवच) येणाऱ्या इलेक्ट्रॉनची. २एस त्याच एल कवचात, तरी तिथून ती मिळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सैद्धांतिक गणितात एकटा इलेक्ट्रॉन हलत नाही, अख्खा अणू बदलतो. निऑनचा १एस इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा बाकीचे नऊ जागच्या जागी गोठले आहेत असं धरून काढली, तर हार्ट्री-फॉक या अणूच्या ऊर्जा काढायच्या गणिती पद्धतीने सुमारे ८९२ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. प्रयोगात ती ८७० आहे. आत रिकामी जागा झाली की उरलेले इलेक्ट्रॉन केंद्रकाकडे ओढले जातात, म्हणून हा फरक. आयन झाल्यावरची ऊर्जा वेगळी काढून मूळ अणूची त्यातून वजा केली की आकडा प्रयोगाच्या अगदी जवळ येतो. क्ष-किरणाची ऊर्जाही अशीच काढतात: के मध्ये जागा रिकामी असलेला अणू आणि एल मध्ये रिकामी असलेला अणू, या दोन अवस्थांमधला फरक. त्यामुळे माझं मत ‘स्थित्यंतर’ला.

प्रतिसाद:
स्थित्यंतर पटलं. पण मकरसंक्रमण मुलांना माहीत असतंच, ‘संक्रमण’ टाकून देऊ नका. जुन्या पुस्तकांत तोच भेटेल. रिकाम्या जागेला मात्र ‘विवर’ नको, लगेच कृष्णविवर डोक्यात येतं. ‘रिक्ती’ म्हणा.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. मग क्ष-किरण न निघता दुसराच इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, ते ‘ऑगर स्थित्यंतर’ ना?

प्रतिसाद:
हो, पण उच्चार फ्रेंच: ‘ओझे’. ज्याचं नाव त्याला मिळालं त्या पिएर ओझेच्या आधी, १९२२ मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनरने ते नोंदवलं होतं, तेही मुलांना सांगा. हलक्या अणूंत के रिक्ती बहुतेक याच वाटेने भरते. जस्ताच्या आसपास दोन्ही वाटा जवळपास बरोबरीला येतात, पुढे क्ष-किरणाची वाट वरचढ ठरते.