४५ अंशांत दारच्या कोंबड्या (अनुभव धागा)

होळी झाली की जळगाव-भुसावळकडे कूलरचं गवत बदलायची घाई सुरू होते. माणसांची सोय लागते. मागच्या अंगणातल्या दहा-पंधरा कोंबड्यांचं काय करायचं, यावर मात्र कामाचं लिखाण फारसं हाती लागत नाही. जे मिळतं ते हजारो पक्ष्यांच्या शेडसाठी असतं. तिथले फॉगर आणि एक्झॉस्ट दारच्या कोंबडीवाल्याच्या काय कामाचे? म्हणून हा धागा.

धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठलेही असाल, दारात कोंबड्या असतील तर लिहा. उन्हाळ्यात काय केलं, काय जमलं, काय फसलं. ऐकीव उपाय नकोत, स्वतः केलेलं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. म्हणजे सकाळचं आणि दुपारचं तिरपं ऊन फक्त अरुंद बाजूंवर येतं आणि लांब बाजूंच्या जाळीतून वारा खेळतो. दिशा चुकलेली असेल तर पश्चिमेकडून तुराट्यांचा कूड घाला. बाकी औषधं-बिवषधं नंतर.

भुसावळ, मागचं अंगण

आमचं खुराडं पत्र्याचं. मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याला बोट लावून बघा, मग आत काय होत असेल ते सांगायला नको. पत्रा वरून तापतो आणि खालच्या जिवांवर आग ओकतो. सावलीत असूनही कोंबडी भाजत असते ती यामुळेच.

पत्र्याला आधी चुना मारला, थोडा डिंक घालून, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. त्याने फरक पडला, पण पुरेसा नाही. खरा फरक पडला तो पत्र्याच्या वर हातभर अंतर सोडून बांबूवर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) आणि पाचट टाकल्यावर. ते अंतर महत्त्वाचं. पाचट सरळ पत्र्यावर टेकवलं तर दोघांमधून वारा जात नाही आणि तापलेलं तसंच खाली उतरतं.

शेजारच्या शेतकऱ्याकडून ठिबकची जुनी नळी आणली आणि पाचटावर आडवी टाकली. टाकीचा नळ दुपारी अगदी बारीक सोडतो. पाचट भिजलेलं राहतं, पाणी खाली गळत नाही. वीज लागत नाही, हे सगळ्यात चांगलं, कारण लाइट नेमकी दोन वाजता जाते.

सावदा, केळीवाले

आमच्याकडे प्रश्न सोपा. कोंबड्या सकाळी उठून स्वतःच केळीच्या बागेत जातात. बाहेर झळा लागत असताना बागेत माणूसही दुपारी घोंगडी टाकून झोपतो.

ज्यांच्याकडे बाग नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. घड कापल्यावर केळीचा खांब बांधावर पडलेला असतो, तो कोणीही देईल. हात-दीड हाताचे तुकडे करायचे आणि उभे चिरून आतली पांढरी बाजू वर करून खुराड्यात ठेवायचे. खांबात जवळजवळ सगळं पाणीच. कोंबड्या आधी चोच मारून बघतात, मग वरचे पापुद्रे उकरतात आणि शेवटी छाती टेकवून त्यावर बसतात. पोटाखालची पिसं बाजूला करून कातडी त्या गार गराला लावून बसलेल्या मी बघितल्यात. दुसऱ्या दिवशी खांब काळा पडतो, तिसऱ्या दिवशी वास येतो, त्याआधी उकिरड्यावर. चीक कपड्याला लागला तर डाग जात नाही, घरातल्यांची बोलणी खायची तयारी ठेवा.

बागेत फवारणी झाली असेल तर मात्र कोंबड्या कोंडा. आणि मुंगूस. सावलीची जागा आपल्यालाच आवडते असं नाही.

धडगावच्या बाजूला, शाळेवर नोकरी

मी मूळचा अमळनेरचा, इकडे सातपुड्यात आल्यावर कोंबडी नव्याने शिकलो. इथल्या पावरा, भिल्ल घरांत कोंबडी असतेच, आणि तिच्यासाठी कोणी वेगळं काही करत नाही. रात्री आंब्यावर किंवा मोहावर चढते, दिवसा झुडपाच्या बुडाशी माती उकरून खड्डा करते आणि त्यात पडून राहते. वरची माती तापलेली असते, चार बोटं खाली गार असते. तिला हे कोणी सांगितलेलं नाही.

त्यामुळे खुराड्यात फरशी असलेल्यांना माझं सांगणं, एका कोपऱ्यात मोकळी माती ठेवा, त्यात थोडी चुलीतली राख. गारवाही मिळतो, उवाही कमी होतात.

दुसरं जातीचं. इकडे उघड्या मानेच्या कोंबड्या दिसतात, मानेवर पिसं नसतात. दिसायला विचित्र, पण उष्णता बाहेर टाकायला तेवढी जागा मोकळी. गावरान अंगाने हलकी, तिला ऊन सोसतं. अंगाने भरलेली गिरिराज, वनराज आधी धापा टाकायला लागते. जास्त मांस म्हणजे जास्त उष्णता, एवढं सोपं गणित आहे. झाबुआकडचा कडकनाथही आमच्या एका पालकांनी आणलाय. तो काळा असून उन्हात कसा राहतो असं सगळे विचारतात. तो उन्हात राहतच नाही, सावलीत राहतो.

धुळे, देवपूर. पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी केली, आता निवृत्त

थोडं शास्त्र सांगतो, कारण त्यावरून उपाय आपोआप कळतात. कोंबडीला घाम येत नाही, घामाच्या ग्रंथीच नाहीत. अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२. उष्णता बाहेर टाकायचे मार्ग दोनच: तुरा, गळ्याखालची लाल कातडी आणि पाय यांतून, नाहीतर धापा टाकून. हवा ३० च्या पुढे गेली की चोच उघडते. पंख अंगापासून सोडवलेले, गळ्याखालची कातडी भराभर हलतेय, इथपर्यंत ठीक. पुढे डोळे मिटून मान टाकली की वेळ थोडा उरला.

अशी कोंबडी उचलून सावलीत न्या आणि पाय व पोटाखालचा भाग साध्या पाण्यात धरा. पायावर पिसं नाहीत, तिथून लवकर निवते. डोक्यावर बर्फाचं पाणी ओतू नका. शुद्धीवर नसेल तर चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

अंड्याचं कवच पातळ का होतं, हा दरवर्षीचा प्रश्न. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्ताचं आम्ल-अल्कली गणित बिघडतं आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. शिवाय ती खाते कमी, म्हणजे कॅल्शियमही कमी जातं. म्हणून लिटरभर पाण्यात खाण्याचा सोडा १ ग्रॅम, आणि वेगळ्या भांड्यात शिंपल्याचा चुरा. सोडा घातलेल्या पाण्यात लिंबू पिळू नका, दोन्हीचं मातेरं होतं.

खाणं पहाटे आणि संध्याकाळी. पचनाची उष्णता खाल्ल्यावर काही तासांनी वाढते. सकाळी दहाला पोटभर मका घातला तर ती नेमकी दुपारच्या उन्हात पेटते. दहा ते पाच खाण्याचं भांडं उचलून ठेवा, पाण्याचं नाही.

आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस उन्हाळ्यात राहून जाते. दवाखान्यातून बर्फाच्या डब्यात आणा, सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर टोचून घ्या. तापलेल्या, दमलेल्या पक्ष्याला लस देऊ नका, दोन दिवस थांबा.

अमळनेर, गृहिणी

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवी घागर येते. पितरांची पूजा झाली की घरातला जुना माठ कोंबड्यांकडे जातो, आमच्याकडे सासूबाईंपासूनची ही रीत. माठाचं तोंड रुंद नसेल तर वरचा भाग फोडून घ्यायचा आणि अर्धा मातीत पुरायचा. प्लॅस्टिकच्या भांड्यातलं पाणी अकरा वाजता चहाला लागेल इतकं तापतं, आणि गरम पाणी कोंबडी पीत नाही, तहानलेली असली तरी. मी दुपारून दोनदा पाणी बदलते. आणि एकच भांडं ठेवू नका, दोन-तीन ठिकाणी ठेवा, नाहीतर दादागिरी करणारी एखादी दुसऱ्यांना जवळ येऊ देत नाही.

टरबुजाची सालं, काकडीची टोकं, पातळ ताक, सगळं चालतं. ताक उरलं तर संध्याकाळी फेकून द्यायचं.

खुडूक (अंड्यांवर बसायला आलेल्या) कोंबडीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. होळीनंतर मी अंडी बसवत नाही. पिल्लू निघायला अंड्याला ३७.५ अंश लागतात, आमच्या मागच्या खोलीत मे महिन्यात त्यापेक्षा जास्त असतं. कोंबडी बिचारी दुपारी उठून निघून जाते आणि अंडी तिच्याशिवाय उकडतात. खायची अंडीही लांबवू नका. घरात कोंबडा असेल तर न बसवलेल्या अंड्यातही या गरमीत लाल धागा दिसायला लागतो. मी टोपलीत ओली वाळू, त्यावर फडकं, त्यावर अंडी ठेवते, दिवसातून एकदा पाणी शिंपडते, आणि चार-पाच दिवसांत संपवते.

गल्लीतले म्हणतात, कोंबड्यांचे इतके लाड? सासूबाई म्हणतात, "तेले बी जीव शे ना."

चोपडा

भुसावळवाल्यांच्या नळीला आणि खुराड्याच्या जाळीला ओली बारदानं लावणाऱ्या सगळ्यांना माझी एक पुरवणी. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी ठाक असते, तेव्हा पाणी उडतं आणि गारवा येतो. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपून जूनचे ढग आले की तोच प्रकार उलटतो. हवा आधीच दमट, त्यात तुम्ही ओलं बारदान लावलं की आत भट्टी. कूलर जूनमध्ये काम करत नाही हे आपल्याला माहीत आहे, कोंबडीच्या बाबतीत विसरतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त मर झाली ती ४५ अंशांत नाही, पाऊस पडायच्या आधीच्या त्या चिकट आठवड्यात. तेव्हा बारदानं काढा, वारा वाढवा, गर्दी कमी करा. खालचा भुसाही उन्हाळ्यात पातळ, दोन बोटं पुरे, ओला झाला की बाहेर. जाड भुसा थंडीचा.

नवापूर

आमच्या तालुक्याला २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लूने देशभर नाव मिळालं, २०२१ मध्ये पुन्हा. त्यामुळे इथे चार कोंबड्या मेल्या की घरात आधी धडकी भरते. उन्हाची मर आणि रोगाची मर ओळखायची आमची पद्धत अशी: उन्हाने मरते ती दुपारी दोन ते संध्याकाळ या वेळात, बहुतेक सगळ्यात वजनदार, चांगली खाती-पिती, आणि रात्री गारवा आला की मर थांबते. रात्रीतून, पहाटे, थंड वेळेतही मरत असतील, तुरा निळा-काळा पडला असेल, मान वाकडी झाली असेल, हिरवी विष्ठा असेल, तर ऊन समजून बसू नका, दवाखान्यात कळवा. मेलेली हातमोजे घालून पुरा, नाल्यात टाकू नका. आणि उन्हाने गेली म्हणून कापून खाऊ पण नका. हे लिहायला लागू नये, पण लागतं.

जळगाव, धागा सुरू करणारा

टेबल फॅन लावावा का, असं तिघांनी विचारलंय. लावा, जूनमध्ये तर नक्की. जाळीच्या बाहेर ठेवा, जमिनीपासून फूटभर उंच, म्हणजे बसलेल्या कोंबडीच्या अंगावरून वारा जाईल. वायर पाइपातून न्या, कोंबड्या आणि उंदीर दोघेही चोच-दात लावतात. पिसं आणि भुशाची धूळ मोटारीत जाते, आठवड्याला झटकली नाही तर मोटार जळते. हवा बाहेर निघायला समोरची जाळी मोकळी हवी, तिथे बारदान लोंबत असेल तर आधी ते काढा.

पुढचं अजून कोणी लिहिलं नाही: उन्हाळ्यात पिल्लं असतील तर ब्रूडरचा (पिल्लांना ऊब देण्याच्या जागेचा) बल्ब किती वेळ ठेवता? दुपारी बंद आणि पहाटे चालू, असं मी करतो. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा.